चालायचं कुणी, ठरवायचं कुणी?

आजचा विषय आहे व्यायाम आणि मधुमेह यांवरच्या संशोधनातला रुग्णांचा सहभाग. 'सहभाग' म्हटलं की कुणीही विचारेल, रुग्णाशिवाय असं संशोधन होईलच कसं? चालणार तोच, रक्त देणार तोच, फॉर्म भरणार तोच. खरं आहे, पण आज आपण त्याबद्दल बोलणार नाही. प्रश्न काय विचारायचा, व्यायाम कुठला आणि किती सांगायचा, यश कशाला म्हणायचं, हे ज्या खोलीत ठरतं त्या खोलीत रुग्णाला खुर्ची असते का, असा आपला प्रश्न आहे. आणि आपलं म्हणणं आधीच सांगून टाकू: या क्षेत्रात रुग्णाला त्या खोलीबाहेर ठेवलं की संशोधन कच्चं राहतं, आणि कच्च्या संशोधनाचा ठपका शेवटी रुग्णावरच येतो. "तुम्ही चालतच नाही हो," हे वाक्य कितीजणांनी ऐकलं असेल!

हे या क्षेत्राबद्दलच विशेष करून का म्हणायचं? मेटफॉर्मिनची पाचशे मिलिग्रॅमची गोळी नाशिकला गिळा नाहीतर नागपूरला, तिच्यात औषध तेवढंच. ती कारखान्यात तयार होते, रुग्णानं ती फक्त घ्यायची असते. 'रोज तीस मिनिटं भरभर चाला' या औषधाचं तसं नाही. ते औषध रुग्ण स्वतः तयार करतो, रोज, नव्यानं. त्याला लागणारा कच्चा माल म्हणजे गुडघे, चपला, रस्त्यावरचे दिवे, गल्लीतली कुत्री, घरच्यांचे डबे, नळाला पाणी यायची वेळ. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. व्यायामाच्या चाचणीत खोटं चालणं कुणाला देणार? आपण चालणाऱ्यांच्या गटात आहोत की नुसत्या सल्ल्याच्या, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे इथे औषध बनवणारा आणि घेणारा एकच माणूस. आणि औषधाची रचना ठरवताना नेमका त्यालाच वगळायचं, ही गोष्ट मुळातच विचित्र आहे.

सांगितलेला व्यायाम रुग्णानं किती केला, यासाठी शोधनिबंधांत जो शब्द असतो त्याचा आपल्याकडचा सरळ अर्थ 'पथ्य पाळणं'. पाळणं म्हणजे आज्ञा आली. गंमत अशी की 'पथ्य' या शब्दाच्या मुळाशी 'पथ' आहे, वाट. वाट कुणाची, हे मात्र आपण विचारायचं सोडून दिलं.

ही सवय आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या प्रकरणात व्यायामाचा जो विधी येतो, तो वाचण्यासारखा आहे. ज्याच्याजवळ धन नाही, आप्त नाहीत, त्यानं वहाणा आणि छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजनं किंवा त्याहून जास्त चालावं; कुणी शेत नांगरावं, कुणी विहीर खणावी. एका दृष्टीनं हे फार शहाणपणाचं आहे. माणसाची परिस्थिती पाहून मात्रा बदललेली आहे, आणि कष्टाचं काम हाही व्यायामच, हे तिथे मान्य आहे. पण मधुमेहात तळपायाची संवेदना जाते, जखम कळत नाही. त्या माणसाला आज कुठलाही डॉक्टर अनवाणी चालायला सांगणार नाही. तेव्हा पायाला काय झालं हे चालून आलेल्यांनी परत येऊन सांगितलं असेलही. ग्रंथात त्यांचा आवाज नाही, एवढं मात्र दिसतं.

याच्या उलट उदाहरण घेऊ. रॉबर्ट लॉरेन्स हे लंडनचे डॉक्टर. १९२० मध्ये त्यांना मधुमेह असल्याचं कळलं, आणि तेव्हा इन्सुलिन नव्हतं. आपण फार जगणार नाही हे धरून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ मध्ये, इन्सुलिन मिळू लागल्याची तार आल्यावर, ते लंडनला परतले आणि वाचले. याच लॉरेन्स यांनी १९२६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये व्यायामाचा इन्सुलिनच्या क्रियेवर काय परिणाम होतो यावर निबंध लिहिला: इन्सुलिन टोचलेल्या माणसानं कष्ट केले की तेच इन्सुलिन जास्त जोर करतं, साखर जास्त उतरते. आज हे पाठ्यपुस्तकात आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. निरोगी माणसात अशा वेळी स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं, पण सुईनं आत गेलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतो कारण त्याला तो जिन्यात, बसच्या रांगेत भेटतो. पुढे १९३४ मध्ये लॉरेन्स यांनी लेखक एच. जी. वेल्स यांच्याबरोबर रुग्णांची संघटना उभी केली. तीच आजची 'डायबेटिस यूके'. वेल्सनाही मधुमेह होताच.

लॉरेन्स डॉक्टर होते, म्हणून त्यांना खोलीत शिरता आलं. बाकीच्यांचं काय? या प्रश्नाला इंग्लंडमध्ये गेल्या पंचवीस-तीस वर्षांत थोडं रीतसर उत्तर मिळालं. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधनाला सल्ला देणाऱ्या 'इन्व्हॉल्व्ह' या गटानं जी व्याख्या रूढ केली, ती मराठीत विभक्तिप्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनीच सांगता येते. लोकांवर, लोकांविषयी, लोकांसाठी केलेलं संशोधन हा सहभाग नव्हे. लोकांबरोबर किंवा लोकांनी केलेलं संशोधन म्हणजे सहभाग. यातला 'साठी' सगळ्यांत फसवा. 'साठी' म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

आता ज्या चाचणीवर आम्हाला आज जास्त वेळ घालवायचा आहे ती घेऊ. अमेरिकेतली 'लुक अहेड'. सोळा केंद्रं, वजन जास्त असलेले टाइप २ मधुमेहाचे ५,१४५ रुग्ण. निम्म्यांना कसून मार्गदर्शन: आहार कमी, आठवड्याला १७५ मिनिटांचा व्यायाम, वजन निदान सात टक्के घटवायचं. उरलेल्यांना नेहमीची माहिती आणि आधार. पहिल्या वर्षी कसून मार्गदर्शन मिळालेल्या गटाचं वजन ८.६ टक्के उतरलं, दुसऱ्याचं ०.७ टक्के. यशाची व्याख्या काय होती? हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयविकारानं मृत्यू, छातीत दुखून रुग्णालयात भरती व्हावं लागणं. सरासरी साडेनऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एका गटात अशा ४०३ घटना, दुसऱ्यात ४१८. फरक नाही. आणखी चालवून उपयोग नाही म्हणून २०१२ मध्ये चाचणी थांबवली, २०१३ मध्ये निकाल छापून आला. निष्कर्ष: हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत.

इथे आपण जरा थांबू. संशोधकांनी काही चुकीचं मोजलं असं कुणी म्हणणार नाही. मधुमेही माणूस जास्त करून हृदयानंच जातो, तेव्हा हा निकष निवडणं साहजिक होतं. पण याच चाचणीतून २०१२ मध्ये आणखी एक निबंध आला होता. जिना चढणं, वाकणं, गुडघ्यावर बसणं, ठरावीक अंतर चालणं, असल्या गोष्टी हळूहळू जमेनाशा होणं, म्हणजे हिंडण्या-फिरण्याची ताकद जाणं. चार वर्षांत हा धोका कसून मार्गदर्शन मिळालेल्या गटात ४८ टक्क्यांनी कमी होता. शिवाय झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी, नैराश्याची लक्षणं कमी, आणि स्त्रियांमध्ये लघवीवरचा ताबा सुटण्याची तक्रार कमी. हे सगळं दुय्यम निकषांत. दुय्यम म्हणजे निकाल जाहीर करताना 'शिवाय' या शब्दानंतर येणारं.

आता एखाद्या साठीच्या बाईंना विचारा: तुम्ही दहा वर्षं हे सगळं केलंत, तर काय पदरात पडलं म्हणजे तुम्ही म्हणाल की कष्ट वाया गेले नाहीत? त्या काय सांगतील हे आपण इथे बसून ठरवायचं नाही, आणि आमचा मुद्दा नेमका तोच आहे. कदाचित त्या हृदयच म्हणतील. कदाचित म्हणतील, मला खाली मांडी घालून बसता यावं आणि कुणाचा हात न धरता उठता यावं. लघवीच्या त्रासाचं तर बघा. शहरात कोसभर चाललं तरी बायकांसाठी धड स्वच्छतागृह मिळत नाही. ज्या बाईला हा त्रास आहे ती चालायला बाहेरच पडणार नाही, आणि का पडत नाही हे सांगणारही नाही. डॉक्टरांच्या कागदावर तेवढंच येईल: व्यायाम करत नाही. म्हणजे संशोधनानं जो फायदा शेपटाला लावला, तो तिच्यासाठी व्यायामाची पहिली अट असू शकतो. आराखडा आखताना अशा चार बायका टेबलाशी असत्या तर मुख्य निकष बदलला असता असं नाही, पण त्यावर वाद तरी झाला असता.

टाइप १ मधुमेहात ही दरी आणखी ठसठशीत दिसते. २००८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये टाइप १ असलेल्या शंभर प्रौढांना विचारलं की व्यायामाच्या आड काय येतं. सगळ्यांत वर आली ती शुगर लो होण्याची भीती. वेळ नाही, कंटाळा येतो, ही नेहमीची कारणं त्याच्या खाली. म्हणजे 'व्यायाम करा, प्रेरणा बाळगा' असली भित्तिपत्रकं ज्या रोगाला लावली जात होती तो रोगच वेगळा होता. संध्याकाळी बॅडमिंटन खेळलेल्या माणसाची साखर मध्यरात्री, झोपेत उतरू शकते. भीती अनाठायी नाही. ती अनुभवावर आधारलेली आहे.

ही भीती ज्यांची होती त्यांनीच पुढे काय केलं ते सांगायला हवं. अमेरिकेतल्या डेना लुईस यांना टाइप १ मधुमेह आहे. साखर मोजणाऱ्या सेन्सरचा गजर त्यांना झोपेतून उठवण्याइतका मोठा नव्हता. २०१३ मध्ये त्यांनी आणि स्कॉट लाइब्रँड यांनी तो मोठा करण्यापासून सुरुवात केली, आणि २०१५ पर्यंत सेन्सर, इन्सुलिन पंप आणि छोटा संगणक जोडून आपोआप इन्सुलिन कमी-जास्त करणारी व्यवस्था सगळ्यांसाठी खुली केली: ओपन-एपीएस. तिच्यात व्यायामाआधी साखरेचं लक्ष्य तात्पुरतं वर ठेवायची सोय आहे. ही सोय रुग्णानं रुग्णासाठी केलेली. वैद्यकीय जगानं सुरुवातीला भुवया उंचावल्या, तेही रास्त होतं. इन्सुलिन हे खेळण्यातलं औषध नव्हे. पण २०२२ मध्ये न्यूझीलंडमधल्या ९७ मुलांवर आणि प्रौढांवर अशा खुल्या प्रणालीची रीतसर चाचणी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ तुलनेच्या गटापेक्षा दिवसाला तीन तास एकवीस मिनिटांनी जास्त. ती चाचणी व्यायामाची नव्हती, हे स्पष्ट सांगतो. पण लेखकांच्या यादीत दुसरं नाव डेना लुईस यांचं आहे. लॉरेन्स यांच्यानंतर शहाण्णव वर्षांनी, डॉक्टर नसलेली रुग्ण खोलीत शिरली, आणि तीही स्वतःची खुर्ची घेऊन.

प्रत्येक रुग्णानं संगणकाचे प्रोग्रॅम लिहावेत अशी अपेक्षा अर्थातच कुणी ठेवू नये. सोपा मार्गही आहे. इंग्लंडमध्ये 'जेम्स लिंड अलायन्स' रुग्ण, घरचे लोक आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून संशोधनाच्या प्रश्नांचा क्रम लावते. लिंड म्हणजे १७४७ मध्ये जहाजावर बारा आजारी खलाशांवर लिंबू-संत्र्यांची परीक्षा घेणारे डॉक्टर. त्या खलाशांना कुणी काही विचारलं नव्हतं, हा त्या नावातला विनोद. टाइप २ मधुमेहासाठी झालेल्या या कामात अडीच हजारांहून अधिक लोकांनी आठ हजारांवर प्रश्न पाठवले, आणि २०१७ मध्ये पहिल्या दहांची यादी आली. पहिला प्रश्न: हा आजार बरा होतो का, परतवता येतो का, आणि कुठल्या टप्प्यानंतर नाही? त्याच यादीत आहे: आहार-व्यायाम औषधांच्या ऐवजी की औषधांबरोबर? ताण आणि चिंता यांचा साखर सांभाळण्यावर काय परिणाम होतो? बघा, यात 'आठवड्याला दीडशे मिनिटं की एकशे पंच्याहत्तर' असं कुणी विचारलेलं नाही. गोळी सुटेल का, एवढंच विचारलंय.

मग सगळीकडे असं का होत नाही? होतं, कागदावर. ब्रिटिश मेडिकल जर्नलनं २०१४ पासून लेखकांना रुग्णसहभागाबद्दल निवेदन द्यायला लावलं. पुढे कुणीतरी मोजलं: सक्तीच्या आधीच्या वर्षात १८९ निबंधांपैकी एकात सहभागाची नोंद होती, नंतरच्या वर्षात १८२ पैकी वीसांत. वाढ मोठी, पण उरलेल्या १६२ निबंधांत तशी नोंद नाही. आणि जिथे आहे तिथेही ती नीट वाचायला शिकलं पाहिजे. 'रुग्णांनी माहितीपत्रक तपासून दिलं' याचा अर्थ प्रश्न ठरला, व्यायाम ठरला, निकष ठरला, आणि मग रुग्णाला शुद्धलेखन तपासायला बोलावलं. लग्न ठरलं, हॉल ठरला, आता नवरीला विचारा पत्रिकेचा रंग कुठला हवा.

आपल्याकडे येऊ. २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. त्याच प्रकल्पाच्या आधीच्या टप्प्यात, महाराष्ट्रासह चार ठिकाणच्या १४,२२७ लोकांच्या हालचालींची माहिती घेतली होती: ५४.४ टक्के निष्क्रिय, आणि फुरसतीचा व्यायाम करणारे दहा टक्क्यांहून कमी. हा दुसरा आकडा आपल्याकडे नेहमी तक्रारीच्या सुरात सांगितला जातो. पण 'फुरसतीचा व्यायाम' ही कल्पना कुणाची? ज्या बाई पहाटे साडेचारला उठून दहाचा सगळा स्वयंपाक करून कामावर जातात त्यांना फुरसत हा शब्द विचारणं म्हणजे जखमेवर मीठ.

इथे पुण्याजवळच्या सहा गावांत नव्वदीच्या दशकात सुरू झालेल्या गर्भवतींच्या पोषणाच्या अभ्यासाची आठवण करून द्यावीशी वाटते. विषय मधुमेहाशी जवळचा, कारण कमी वजनाचं बाळ आणि पुढे त्याला होणारा मधुमेह यांचा धागा तिथे शोधला जात होता. त्या संशोधकांनी बायकांच्या हालचाली मोजताना तयार परदेशी प्रश्नावलीवर भागवलं नाही. शेतातलं काम, पाणी आणणं, धुणं, असं त्या बायकांच्या दिवसातून उचललं. आणि निष्कर्ष काय? कामाचा भार जास्त असलेल्या आयांची बाळं लहान. म्हणजे 'हालचाल जितकी जास्त तितकं चांगलं' हे सूत्र प्रत्येक अंगाला लागू नाही. बायकांच्या दिवसाकडे पाहिल्याशिवाय हे दिसलं नसतं.

मधुमेह टाळण्याच्या भारतीय चाचण्यांतही चांगलं आहे, ते सांगितलंच पाहिजे. चेन्नईच्या रामचंद्रन यांच्या गटाच्या २००६ मधल्या चाचणीत ५३१ जण होते. जे आधीच अंगमेहनत करतात किंवा अर्ध्या तासाहून जास्त चालतात, सायकल चालवतात, त्यांना आहे तेच चालू ठेवायला सांगितलं होतं. हा समजूतदारपणा अनेक पाश्चात्त्य आराखड्यांत नसतो. मधुमेह होण्याचं प्रमाण जीवनशैलीच्या गटात २८.५ टक्क्यांनी घटलं. त्याच गटाची २०१३ मधली मोबाइल संदेशांची चाचणीही गाजली: प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी. पण सहभागी ५३७, आणि सगळे नोकरी करणारे पुरुष. त्यावरून 'संदेश पाठवले की काम होतं' असं म्हणताना, घरातला एकच फोन ज्यांच्या हाती नसतो त्यांना आपण विसरतो.

रुग्णसहभाग म्हणजे जादूची कांडी, असंही आम्ही म्हणत नाही. केरळमध्ये नेय्याट्टिंकरा तालुक्यातल्या साठ मतदान-विभागांत १,००७ लोकांवर चाचणी झाली. गटातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन नेते केलं, योगवर्ग आणि परसबागा झाल्या. २०१८ मध्ये निकाल आला: मधुमेहाच्या प्रमाणातला फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. फळं-भाज्या खाणं वाढलं, दारू कमी झाली. इथे लोक कार्यक्रम चालवत होते. पण यश कशाला म्हणायचं, हा निर्णय त्यांच्या हाती होता का? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि अहवालांत त्या सर्रास एकमेकींत मिसळतात.

दुसरी हरकतही खरी आहे: बैठकीला येतं कोण? निवृत्त, शिकलेला, इंग्रजी वाचणारा, टेकडीवर रोज जाणारा. चार बैठका झाल्या की तोही संशोधकांसारखाच बोलू लागतो. ज्यांची रोजी बुडते ते येत नाहीत. इंग्लंडमध्ये अशा वेळेचे पैसे देण्याची पद्धत आहे, दर जाहीर असतात. आपल्याकडे चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र. रोजंदारीवरच्या माणसाला अर्धा दिवस बसवून त्याचं मत घ्यायचं असेल तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात धरा. संशोधनात रक्ताच्या नळ्यांना पैसे असतात, याला का नसावेत?

शेवटी कायद्याच्या बाजूनं एक गोष्ट. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक एथिक्स कमिटीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. ही खुर्ची आपल्याकडे आहे. पण कमिटीपुढे आराखडा येतो तो तयार होऊन, आणि मग त्या नागरिकाच्या वाट्याला उरतं संमतिपत्राचं मराठी सोपं आहे की नाही, एवढंच. आज समोर काही संशोधक विद्यार्थी बसलेत, त्यांना सांगणं आहे: पुढच्या आराखड्याचं पहिलं पान कोरं असताना बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर जाऊन बसा. 'व्यायाम करता का' हे विचारू नका. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत, ते विचारा, आणि उत्तर त्यांच्या शब्दांत लिहून आणा.

बरं, वेळ होत आला. मागच्या बाजूला हात वर आहे, माईक तिकडे द्या.